तांबडी खुडूक बसली त्या उन्हाळ्यात

कोंबडीच्या नाकात पीस ओवतात, हे आजच्या पोरींना सांगितलं की त्या आधी हसतात आणि मग 'शी' म्हणतात. म्हणू देत. मी ओवलेलं आहे. सुदुंबऱ्याला माझ्या माहेरी घरोघर ओवायचे. कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायचा हट्ट धरून एका जागी फुगून बसली, की तिचंच एक लांब पीस उपटायचं आणि दोन्ही नाकपुड्यांतून आरपार घालायचं. वर दोन वेळा गार पाण्यात बुचकळून काढायचं. पीस चोचीपुढं आडवं येतं, ती दिवसभर मान झटकत हिंडते, पाण्यानं पोटाखालची ऊब उतरते, आणि तीनचार दिवसांत बसण्याचं तिच्या डोक्यातून जातं. दहाबारा दिवसांनी पुन्हा अंडी सुरू. आमच्या आईला यात काही वाईट वाटत नसे, म्हणून मलाही वाटत नसे.

लग्न होऊन मी लोणावळ्याला आले. मालक रेल्वेत कामाला. तुंगार्लीच्या बंगल्यांकडं जाणाऱ्या रस्त्यालगत एक गल्ली होती, तिच्यात आमची एक खोली आणि मागं हातभर परडं. परड्यात माझ्या तीन कोंबड्या, दोन काळ्या आणि एक तांबडी. उन्हाळ्यात मुंबईची मोठी माणसं हवा खायला बंगल्यांवर येत, आणि त्यातल्या एका बंगल्यावर अंडी मी पोचवत असे. तिथला खानसामा मोठा तोऱ्यातला माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "एक दिन नागा झाला तर मी बाजारातून घेणार, पुन्हा यायचं नाही." मला तर बंगल्याचं मागचं दार आपल्यासाठी उघडतं याचीच केवढी ऐट! पाणवठ्यावर मी मुद्दाम म्हणायची, "निघते बाई, बंगल्यावर जायचंय." आता आठवलं तरी माझं मलाच कसंतरी होतं.

आमच्या भिंतीला भिंत लावून चाची राहायची. एकटी, म्हातारी, मुसलमान. नवरा टांगा हाकायचा, तो जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कोंबड्यांवरच तिचं सगळं चालायचं. डोळ्यांवर सारा, म्हणजे पांढरा पडदा, आलेला, माणूस दारात उभं राहिलं तर कोण ते आवाजावरून ओळखायची. पण गल्लीतल्या कुणाची कोंबडी आजारी पडली, कुणाचं पिल्लू मान टाकायला लागलं, की सगळ्या तिच्याकडं धावायच्या. ती कोंबडीला मांडीवर घेऊन बोटांनी चाचपायची आणि सांगायची, हिच्या पोटात अंडं अडलंय, किंवा हिला साप दिसलाय, घाबरलीय नुसती.

पिसाचा मात्र तिला भयंकर राग. समोरच्या एकीनं असं पीस ओवलं होतं, तर चाची तिच्या दारात जाऊन चारचौघींसमोर बोलली होती, "खुडूक बसल्यावर पोटाची पिसं तिनं आपल्या चोचीनं उपटलीत, बघितलंस का? कशापायी? उघडं कातडं अंड्याला लागावं म्हणून. दिसातनं एकदाच उठती, चार दाणे टिपती, अंडी गार व्हायच्या आत माघारी येती. तिला कुणी शिकवलं न्हाई. आन् तू तिच्या नाकात काडी घालतीस?" समोरची बाई आठ दिवस कुणाशी बोलली नाही. मी तेव्हा पदराआड हसले होते.

त्या चैत्रात कोंबड्यांवर मर आली. गल्लीत सकाळी उठावं तर कुणाच्या ना कुणाच्या दारात कोंबडी मान वाकडी करून पडलेली. माझ्या तीन वाचल्या, कारण मी भित्री. पहिली बातमी कानावर आली तशा त्यांना परड्यातल्या खुराड्यात कोंडून घातल्या आणि कुणाला आत येऊ दिलं नाही. चाचीच्या मात्र एकेक करत सगळ्या गेल्या. मर यायच्या आदल्या आठवड्यातली नऊ अंडी तेवढी तिनं तांदळाच्या कण्यांत पुरून ठेवली होती.

आणि नेमकी तेव्हाच माझी तांबडी खुडूक बसली. बंगले भरायचे दिवस, खानसाम्याची रोजची मागणी, आणि ही बया खुराड्याच्या कोपऱ्यात फुगून बसलेली! हात लावायला जावं तर कचकन चोच मारायची. दोन दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी तिला धरली, पीस ओवलं, पाण्यात बुचकळली. सलग तीन दिवस बुचकळली. चाचीला कळू नये म्हणून ती दळणाला गेली की मी हे करायची. म्हणजे आपण काय करतो आहोत हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पीस ओवल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी दारात आवाज आला, "आहेस का गं पोरी?"

चाची पदराखाली पाटी धरून उभी होती. पाटीत ती नऊ अंडी. म्हणाली, "तुझी तांबडी खुडूक हाय म्हणं. आख्ख्या गल्लीत आता दुसरी खुडूक कोंबडी न्हाई. अर्धलीनं बसव माझी अंडी. पिल्लं निघतील त्यातली अर्धी तुझी." ही रीत सगळीकडं होती. एकीची अंडी, दुसरीची कोंबडी, पिल्लं निम्मी-निम्मी.

मी म्हटलं, "थांबा चाची, खुराडं आवरते." आणि परड्यात पळाले. तांबडीला काखेत दाबली आणि नाकातलं पीस ओढून काढलं. रक्ताचा एक ठिपका आला तो पदरानं पुसला. पीस चुलीत टाकलं. हात धुऊन, तोंडावर हसू आणून बाहेर आले.

चाची ओट्यावर बसून सांगत होती, "दिराच्या पोराचं पत्र आलंय कल्याणहून. म्हणतो, आता कोंबड्याबी ऱ्हायल्या न्हाईत, तितं एकटी काय करतीस, ये हिकडं. त्याची बायको मला दारात उभी करायची न्हाई, हे मला ठावं हाय. चार कोंबड्या असल्या ना पोरी, की मी कुणाच्या दारात न्हाई. ही नऊ अंडी निघाली तर मी हितंच मरंन. न्हाईतर जावं लागंल."

मग म्हणाली, "तुला जमत नसंल तर तसं सांग. तिकोना पेठेला माझी बहीण हाय, तिच्याकडं दोनतीन कोंबड्या बसल्यात असा निरोप हाय. तितवर मर पोचली न्हाई. लांब हाय, पण उद्या पहाटं निघंन. उशीर झाला तर अंडी उतरतील."

सांगायची वेळ ही होती. "चाची, मी हिला पीस ओवलंय, ही आता बसेल असा भरवसा नाही." एवढंच वाक्य. ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, आणि अंडी घेऊन पेठेला गेली असती. पण मला समोरच्या बाईची फजिती आठवली. मी म्हटलं, "कशाला एवढ्या लांब जाता उन्हाचं? हितंच बसवू की. माझी तांबडी लय चिवट हाय."

ती इतकी खूश झाली की तिनं माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

चाचीनं स्वतः पाटीत राख पसरली, वर पेंढा घातला, अंडी मांडली. तांबडीला वर सोडली. तांबडीनं मान वाकडी करून अंड्यांकडं बघितलं, चोचीनं दोन अंडी आत ओढली आणि चक्क बसली. मला हायसं वाटलं. नाकात जखम, तीन दिवसांचं गार पाणी अंगावर, तरी अंडी दिसल्यावर ती बसली. मी मनात म्हटलं, सुटले बाई!

तीन दिवस ती बसली. चौथ्या दिवशी सकाळी दाण्याला म्हणून उठली ती माघारी गेलीच नाही. काळ्यांबरोबर परड्यात माती उकरत बसली. मी तिला धरून पाटीवर ठेवली, वर डालगं पालथं घातलं, त्यावर दगड ठेवला. आतून धडपड ऐकू आली. काढून बघते तर ती अंड्यांवर नुसती उभी, पाटीबाहेर तोंड करून. तिच्या अंगातलं जे होतं ते मीच पाण्यात बुडवून विझवलं होतं, आता मागायला गेले तर ती कुठून आणणार?

त्या दिवशीही वेळ गेली नव्हती. चार दिवसांची अंडी थोडा वेळ गार झाली तरी तगतात, हे चाचीच सांगायची. अंडी गरम कपड्यात गुंडाळून बैलगाडीनं पेठेला नेता आली असती. मी काय केलं? पाटी उचलून चुलीशेजारी ठेवली. अंड्यांवर जुनं लुगडं पांघरलं. दर थोड्या वेळानं हात लावून बघायची, गार लागली की निखारा जवळ ओढायची, गरम लागली की लांब सारायची. कोंबडी चोचीनं अंडी फिरवते म्हणून मीही फिरवायची. मालक जेवायला आले तर म्हणाले, "आता तूच बस की त्यांच्यावर." मी त्यांच्या अंगावर खेकसले, "तुमचं ताट घ्या आन् गप जेवा!" ते गप्प जेवले, पण हसत होते.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावरून यायला उशीर झाला. येऊन बघते तर निखारा विझलेला आणि अंडी गार. नंतरच्या दिवशी उलट झालं, एका बाजूची अंडी इतकी तापलेली की हाताला सोसवेनात. कोंबडीला जे डोळे मिटून जमतं, ते मला दोन हात, चूल आणि एवढी अक्कल असून दोन दिवस जमलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी मी पाटी पुन्हा खुराड्यात नेऊन ठेवली आणि उबवायच्या खटाटोपाला फाटा दिला.

चाची रोज दुपारी मूठभर जोंधळे घेऊन यायची. स्वतः काय खात होती कोण जाणे, पण तांबडीचा घास तिनं चुकवला नाही. विचारायची, "बसलीय ना?" मी म्हणायची, "बसलीय की." आत येऊ का म्हणाली तर, "नको चाची, परक्याचा वास आला तर उठंल." हे तिचंच बोलणं मी तिला ऐकवत होते.

आठव्या दिवशी ती म्हणाली, "आज उन्हात धरून बघ. मला दिसायचं न्हाई, तू बघ. जिवंत असंल तर आत तांबड्या शिरा दिसतात, कोळ्याच्या जाळ्यावानी." मी एक अंडं आणलं. ती माझ्या शेजारी उभी राहिली. मी मुठीची नळी करून अंडं उन्हासमोर धरलं. आत एक काळपट गोळा होता, हलवला तिकडं सरकणारा. शिरा नव्हत्या.

"दिसल्या का?"

"दिसल्या," मी म्हटलं. "लय दिसल्या."

तिनं दोन्ही हात वर करून काहीतरी पुटपुटलं. दुवा मागितली असावी. मी अंडं घेऊन आत गेले. त्या दुपारी मी नेहमीसारखी जेवले, दोन भाकऱ्या खाल्ल्या. खोटं कशाला सांगू?

सोळाव्या दिवशी तांबडीनं अंडं घातलं. सकाळी नऊचा सुमार असेल. मी भांडी घासत होते आणि परड्यातून एकदम आरडाओरडा सुरू झाला, कॉक-कॉक-कॉक-कटाक! अंडं घातलं की कोंबडी जागेवरून उठून लांब जाते आणि गाव डोक्यावर घेते. अंड्यापासून लांब जाऊन ओरडायचं, म्हणजे बोका, मुंगूस आवाजामागं जातो आणि अंडं राहतं बाजूला, असं चाची सांगायची. आणि बसलेली कोंबडी एकवीस दिवस मुकी असते, तोंडातून खुडखुड एवढीच, कारण आता तिला जागा सोडून पळता येत नाही. मी ओल्या हातानं परड्यात धावले आणि तांबडीवर पदर टाकला. तोवर ती मनसोक्त ओरडून झाली होती.

मध्ये चाचीची भिंत. कुडाची, वर शेणाचं सारवण. मी कान देऊन उभी राहिले. पलीकडं काही हालचाल नाही. मग मनाशी म्हटलं, तीन कोंबड्या आहेत, कोणती ओरडली हे म्हातारीला काय कळतंय! आणि ते ऊन ऊन अंडं उचलून बंगल्यासाठीच्या टोपलीत ठेवलं.

दुपारी चाची आली. जोंधळे माझ्या हातात दिले आणि रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली.

"बरी हाय ना तांबडी?"

"बरी हाय की."

"आन् तू?"

"मला काय धाड भरलीय!" मी हसले. ती गेली.

सतराव्या दिवशी आली, अठराव्या दिवशी आली, तसेच जोंधळे घेऊन. 'बसलीय ना' हे विचारायचं मात्र तिनं सोडलं होतं. ओट्यावर टेकायची, माझं काय चाललंय ते विचारायची, माझ्या आईची चौकशी करायची. मध्येच बोलायची थांबायची आणि माझ्या बाजूला तोंड करून गप्प राहायची. मला वाटायचं, वयानं झालंय, बोलता बोलता विसरते. मी घाईनं कामाला लागायची. तांबडी दिवसाआड अंडं घालत होती, आणि ओरडायच्या आत मी तिला धरून काखेत दाबत होते.

एकविसाव्या दिवशी ती नेहमीच्या वेळेआधीच आली. हातात जोंधळे नव्हते. म्हणाली, "आण पाटी."

मी आणली. काय करणार होते? ठरवून ठेवलं होतं की म्हणायचं, मरीच्या घरातली अंडी, त्यांच्यातच दोष असेल. चाची ओट्यावर मांडी घालून बसली आणि एकेक अंडं उचलून कानाला लावू लागली. विसाव्या दिवसापासून पिल्लू आतून बोलतं आणि वरून आई त्याला उत्तर देते, मग ते कवच टोचतं. तिनं पहिलं अंडं ऐकलं, खाली ठेवलं. दुसरं ऐकलं. घाई नाही, काही नाही. नऊच्या नऊ अंडी तिनं ऐकली. मी समोर उभी, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत.

"चाची," मी सुरुवात केली, "मरीच्या घरातली अंडी ती..."

"तांबडी सोळाव्या दिशी ओरडली," ती म्हणाली. "माझे डोळे गेलेत पोरी, कान हायेत. भिंतीपलीकडच्या तुझ्या तिन्ही कोंबड्यांचे आवाज मला येगळे कळतात."

मी पाटीतला पेंढा सारखा करायला लागले.

"तवाच कळलं, अंडी गेली. त्येचं काय करायचं? गेली ती गेली. त्येच्या पुढचे पाच दिस मी काय अंड्यांसाठी येत न्हवते गं. म्हटलं, आज सांगंल, उद्या सांगंल. लेकरू हाय, भेलं आसंल. मी रोज येऊन बसत हुते, तुला सांगायला सोपं जावं म्हणून."

ती रागावली असती तर मी भांडले असते. भांडायला मी कधी मागं हटलेली नाही. पण ती रागावली नव्हती. आवाजात नुसता थकवा होता. मी तिच्या पाया पडायला हवं होतं. माझ्या तीन कोंबड्यांतल्या दोन तिच्या पदरात घालायला हव्या होत्या, तिचं घर पुन्हा सुरू झालं असतं. हे तेव्हा सुचलं नाही असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगत आले. सुचलं होतं. तिथंच, उभ्या उभ्या सुचलं होतं. आणि लगोलग खानसाम्याची टोपलीही डोळ्यांपुढं आली.

मी म्हटलं, "मला काय ठावं, चाची. ती बसलीच हुती."

चाचीनं मान हलवली. अंडी पाटीत भरली, पाटी डोक्यावर घेतली आणि भिंतीला हात लावत आपल्या दारात गेली.

आठवड्याभरात कल्याणहून दिराचा मुलगा आला. सामान काय, एक ट्रंक, एक वळकटी आणि रिकामं खुराडं. खुराडं नको म्हणत तो अडून बसला आणि चाची ते सोडायला तयार होईना. शेवटी ते राहिलंच. गल्लीतल्या साऱ्याजणी ओट्यावर येऊन तिला भेटल्या, समोरची ती पिसवाली बाईसुद्धा रडली. मी आत दाराला कडी घालून चुलीपुढं बसले होते. चूल पेटलेली नव्हती.

चाची माझ्या दाराशी आली. दारावर तिचा हात लागल्याचं मला ऐकू आलं. म्हणाली, "येते गं पोरी." थांबली. पुन्हा म्हणाली, "हायेस ना आत? येते मी."

मी आत होते. मी ओ दिली नाही.